अठ्ठावीस पानांचा हॉल

५ जानेवारी २०२५, रविवार

निरोप समारंभात मिळालेली शाल लीलानं कपाटात ठेवली, नारळाची चटणी झाली आणि ही दैनंदिनी माझ्या वाट्याला आली. पस्तीस वर्षं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये दुसऱ्यांच्या नोंदी सांभाळल्या. आता स्वतःच्या ठेवायला हरकत नाही.

विषय : घर खरेदी करणे.

आमचं सध्याचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर, तीन मजली. तुळजापुरात पुजाऱ्याचं घर जसं असतं तसंच. खाली धाकटा भाऊ कृष्णराज आणि त्याचं कुटुंब, वर आम्ही दोघं नवरा-बायको आणि उरलेल्या खोल्या यजमानांच्या. यजमान म्हणजे आमच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या येणारी कुळं. ती गावाहून येतात, आमच्याकडेच उतरतात. देवीची पूजा कृष्णराज करतो आणि नैवेद्याचा स्वयंपाक घरात होतो. मी नोकरी धरली, पण नवरात्रात रजा टाकून पंगतीत फिरायचं, 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं, हे काम कायम माझ्याकडे. ते मला चांगलं जमतं.

कृष्णराजच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. त्याला खोल्या लागणार, मला माझा हिस्सा रोख मिळणार. भांडण नाही, तंटा नाही. लीला म्हणाली, "आता आपलं वेगळं घर बघा." गुडघ्यांमुळं म्हणत असावी. तिसऱ्या मजल्याचा जिना तिला झेपत नाही.

यजमानांना मी तेवढ्यातच फोन करून सांगून टाकलं, काळजी करू नका, नव्या घरातही तुमची सोय पहिल्यासारखीच राहील. सगळ्यांना आनंद झाला.

१२ जानेवारी, रविवार

आज तीन घरं पाहिली. एजंट फार भराभरा बोलतो. त्याच्या तोंडून तीन शब्द ऐकले आणि घरी येऊन पुण्याला शंतनूला फोन लावून खात्री करून घेतली. मुलगा शिकलेला असल्याचा हा फायदा.

कार्पेट एरिया म्हणजे भिंतींच्या आतली, सतरंजी अंथरता येईल एवढी जागा. मला सतरंजी कळते, म्हणून हा शब्द लगेच पटला. बिल्ट-अप म्हणजे त्यात भिंतींची जाडी आणि गॅलरी मिळवायची. सुपर बिल्ट-अप म्हणजे सगळ्यांचा जिना, पाण्याची टाकी, गेटजवळची जागा यातला थोडा थोडा तुकडाही आपल्या नावावर मोजायचा. एजंट अर्थातच मोठ्यात मोठा आकडा सांगतो. शंतनू म्हणाला, "बाबा, भाव सुपरवर सांगितला तरी तुम्ही कार्पेट विचारा. आपण राहतो ते त्याच्यात."

मी माझ्या पद्धतीनं मोजतो. हॉलमध्ये उभं राहायचं आणि पंगतीला किती पानं बसतील ते नजरेनं ठरवायचं. पहिल्या घरात बारा, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात जेमतेम आठ. तिन्ही बाद.

लीलाची पाहायची तऱ्हा वेगळीच. प्रत्येक घरात ती एखाद्या खोलीत जाते, आतून दार लावून घेते, मिनिटभर आतच थांबते आणि बाहेर येते. एजंट माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं, बिजागऱ्या तपासते आहे. बायकांचं लक्ष बारीक असतं.

१९ जानेवारी, रविवार

घर सापडलं!

नळदुर्ग रस्त्याकडच्या वसाहतीत, एकमजली, पुढं अंगण, मागं कढीपत्ता. मालक धोंडप्पा, मूळचे उमरग्याचे. बारा वर्षं इथं यात्रेकरूंसाठी खानावळ चालवली. आता वय झालं, उमरग्याला लेकीजवळ राहायला जायचं म्हणून विकताहेत. मोकळा माणूस.

"या की अप्पा, बसा की," म्हणून त्यांनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. पंधरा बाय बावीसचा हॉल. मधे एक खांब नाही, पडदा नाही. भिंतीलगत नऊ आणि नऊ, मधे पाठीला पाठ लावून दहा. अठ्ठावीस पानं! त्यापलीकडं स्वयंपाकघर, एक छोटी झोपायची खोली, न्हाणीघर.

"हॉल असा कसा मिळाला हो?" मी विचारलं.

"आधी दोन खोल्या होत्या बघा. गिऱ्हाईक बाहेर ताटकळायला लागलं. मग मधली भिंत काढून टाकली. पाच वर्षं झाली. लई बरकत आली त्या हॉलनं."

लीलानं हॉल एका नजरेत पाहिला आणि कढीपत्त्याकडं गेली. बराच वेळ तिथं उभी होती. परत येताना रिक्षात मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "अंगण चांगलंय." मी म्हणालो, "आणि हॉल?" ती म्हणाली, "मोठाय." म्हणजे तिलाही पसंत आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

कागद बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दोन दिवस धोंडप्पांच्या फाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. रिटायर झाल्यापासून इतकं समाधान मिळालं नव्हतं.

शंतनूसाठी, आणि पुढं कधी जाईला, म्हणजे आमच्या मुलीला, घर घ्यायचं झालं तर उपयोगी पडेल म्हणून सोप्या शब्दांत लिहून ठेवतो. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, एवढंच लोक वाचतात. खरं वाचायचं ते 'इतर हक्क' या रकान्यात. तिथं बँकेचा बोजा असेल तर घर आपल्या नावावर होताना तो बोजाही मांडीवर येऊन बसतो. धोंडप्पांनी बँकेचं कर्ज फेडलं आहे, पण बोजा कमी केल्याची नोंद झालेली नव्हती. ती आधी करून घ्या, म्हणून सांगितलं. फेरफार म्हणजे जमीन एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, त्याची नोंद. ती साखळी मधे तुटलेली नसावी. जमीन शेतीची राहिलेली नाही, घरं बांधायला मोकळी झाली आहे, असा अकृषिक आदेश लागतो. तो आहे. बांधकाम परवाना आहे. चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, ते कागदावर आणि जागेवर एकच आहे. मी स्वतः चारी बाजूंनी फिरून पाहिलं. पूर्वेच्या शेजारणीनं विचारलं, काय हरवलं का?

वकिलांकडून या जागेच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवालही मागवला आहे. गरज नव्हती, पण वकिलांचंही पोट आहे.

२७ जानेवारी, सोमवार

बोजा उतरला, शोध अहवाल स्वच्छ आला, इसार दिला. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आधी द्यायची रक्कम. घेणाऱ्यानं माघार घेतली तर सहसा ती जाते. धोंडप्पांनी इसारपावती लिहून दिली, पेढा दिला. मी लीलाला पेढा भरवला. ती म्हणाली, "कुणाला तरी भिंती दाखवल्या असत्या आधी."

मी म्हणालो, "कागद भक्कम असला की घर भक्कम."

संध्याकाळी शंतनूला हे सांगितलं तर तो चिडला. म्हणे, "बाबा, तुम्ही इसार देऊन मोकळे झालात? स्लॅब कुणी बघितला?" त्याच्या ओळखीची एक इंजिनिअर धाराशिवला असते. तिला पाठवतो म्हणाला. पाठवू दे. मुलाचं मन राखायला हवं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इंजिनिअर आली. नाव आरोही, वय तीस असेल नसेल. उमरग्याजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. पिशवीतून हातोडी, टॉर्च, ओळंबा आणि पारदर्शक नळी निघाली. मला वाटलं, ही घर बघणार की बांधणार!

सगळं लिहून ठेवतो, कारण यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

आधी ती गच्चीवर गेली. मधोमध बादलीभर पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. पाणी पाईपाकडं जायच्या ऐवजी जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. ती म्हणाली, "उतार उलटा आहे. याच कोपऱ्याखाली ओल असणार." खाली येऊन पाहिलं तर होती.

मग आमच्याबरोबर आलेली लीला म्हणाली, "अगं, या भिंतीला खालच्या हातभरच रंग ताजा का गं?"

आरोहीनं वाकून नखानं खरवडलं. रंगाचा पोपडा निघाला आणि खाली पांढरं पीठ. "काकू, तुमची नजर लई भारी आहे. हा लोणा. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. वर रंग मारला की दोन महिने दिसत नाही."

धोंडप्पा खजील झाले. "पोरगी म्हणाली, घर विकायचंय तर रंग मारा. फसवायचं मनात न्हवतं, खरंच."

मला ते खरं वाटलं. आपणही पाहुणे यायच्या आधी पडदे धुतोच.

मग फरश्या. हातोडीच्या दांड्यानं एकेक वाजवत गेली. भरीव वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर खाली माल नाही. सात पोकळ. विजेच्या बोर्डाशी म्हणाली, अर्थिंगची तार आहे, पण जमिनीत कुठंच गेलेली नाही, नुसती शोभेला. शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरायचा खड्डा, तो चांगला निघाला. न्हाणीघरातून स्वयंपाकघरात ओल येत नाही, हेही चांगलं. मी प्रत्येक वेळी वहीत लिहीत होतो आणि मनातल्या मनात दुरुस्त्यांचा ढीग रचत होतो. छोट्याच होत्या सगळ्या.

शेवटी ती हॉलमध्ये आली. छताकडं टॉर्च धरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग त्या पारदर्शक नळीत पाणी भरून ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरायला लावली; दोन्हीकडं पाणी एकाच पातळीत राहतं, त्यावरून मोजलं. छत मधोमध खाली आलं होतं. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढंच.

"इथं भिंत होती ना?"

"व्हय. मी काढली," धोंडप्पा म्हणाले.

"काका, भिंती दोन जातीच्या असतात. एक पडदी, नुसती आडोशाला. ती काढली तर काही बिघडत नाही. दुसरी भार पेलणारी. हे घर कॉलमवर उभं नाही, भिंतींवर उभं आहे. तुम्ही काढली ती स्लॅबला मधे टेकू देणारी भिंत होती." मग तिनं मला छतावरची रेघ दाखवली. प्लास्टरला पडणारी केसाएवढी भेग वेगळी, ती वाकडीतिकडी पसरते आणि तिला घाबरायचं नाही. ही सरळ होती, जिथं भिंत होती त्याच रेषेत, आणि तिच्या कडेला गंजाचा तांबूस डाग होता. म्हणजे आतल्या गजांपर्यंत हवा पोचली आहे.

"पडेल का?" मी विचारलं.

"आज नाही. पण अशा हॉलमध्ये माणसं बसवू नका. आधी लाकडी टेकू लावा."

मी हॉलच्या मधोमध उभा होतो, तो नकळत भिंतीकडं सरकलो. अठ्ठावीस माणसं मी त्या छताखाली मनातल्या मनात जेवू घातली होती.

जाताना आरोहीनं लीलाला विचारलं, "काकू, तुम्हाला काय काय हवंय या घरात?" लीलानं माझ्याकडं पाहिलं, मग म्हणाली, "ओल नको." बरोबरच आहे. ओल वाईटच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आरोहीचा अहवाल आला. नऊ पानी, फोटोंसह, मुद्द्यांना क्रमांक देऊन. असा व्यवस्थित अहवाल आमच्या कचेरीत मी कधी पाहिला नाही.

घर सोडायची गरज नाही, असं तिनं स्पष्ट लिहिलं आहे. हॉलला दोन उपाय. एक, जिथं होती तिथं भिंत परत बांधायची. सोपं आणि स्वस्त, पण हॉलच्या पुन्हा दोन खोल्या होतील. दोन, दोन्ही टोकांना नवे पाये घेऊन खांब उभारायचे आणि त्यावर लोखंडी गर्डर टाकायचा. खर्चिक, पण हॉल अखंड राहील. दोन्हींत घर सुरक्षित.

धोंडप्पांकडं अहवाल घेऊन गेलो. त्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अप्पा, पाच वर्षं मी त्याच्याखाली माणसं जेवू घातली की वो." डोळ्यांत पाणी होतं. किंमत त्यांनी स्वतःहून कमी केली, इतकी की कोणताही उपाय परवडावा. मी घासाघीस करायला तयार होऊन गेलो होतो, तिची गरजच पडली नाही.

मी अर्थातच गर्डर ठरवला. लीला म्हणाली, "भिंत बांधली तर?" मी तिला समजावून सांगितलं की मग हॉल चौदा पानांचा होईल. ती उठून आत गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ईट गावाहून कस्तुराबाईंचा फोन. आमच्या यजमानांपैकी सगळ्यात जुन्या. घरची मोठी शेती, सत्तरी उलटली तरी सगळं स्वतः बघतात. माझ्या लग्नातही होत्या.

"महाराज, चैतातल्या पुनवेला आमी अकराजण येणार. नव्या घराचा हॉल लई मोठा हाय म्हणं?"

"या, या. अकरा काय, अठ्ठावीस या!"

लीला शेजारीच होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "त्यांच्या पिशव्या कुठं ठेवणार?" मी म्हणालो, "झोपायच्या खोलीत, नेहमीसारख्या." तेव्हापासून ती अगदी कामापुरतं बोलते आहे. गुडघे दुखत असावेत. तेल आणून दिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गुडघे नसावेत. तेल तसंच आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी केली. खरेदीखत नोंदवताना मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तिथल्या ओळखीच्या लिपिकानं कानात सांगितलं, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे. मी उडालोच. एवढी वर्षं महसुलात काढून ही गोष्ट माझ्या घरासाठी लक्षात येऊ नये! लगेच मसुदा बदलून घेतला. खरेदी घेणार : सौ. लीला मार्तंड, वय पंचावन्न, धंदा घरकाम.

लीलाला सांगितलं, "घर तुझ्या नावावर करतोय. एक टक्का वाचतो." तिनं मसुदा हातात घेतला, दोनदा वाचला. "खरंच नुसतं माझ्या?" मी म्हणालो, "सूट हवी तर दुसरं नाव चालत नाही." आज तिनं रात्री आपणहून चहा केला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

खरेदीखत नोंदलं गेलं. लीलाचा फोटो, अंगठा, सही. अधिकाऱ्यांनी विचारलं, "खरेदीदार तुम्हीच का?" एरवी चारचौघांत हळू बोलणारी बाई, तिनं असं "व्हय, मीच" म्हटलं की पलीकडच्या बाकावरच्या लोकांनी वळून पाहिलं. मी साक्षीदाराच्या जागेवर सही केली. धोंडप्पांनी किल्ली माझ्या हातात द्यायला पुढं केली, मग थांबले आणि तिला दिली. रीतीचा माणूस.

३ मार्च, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी गवंडी आला. म्हणाला, "काका, गर्डरची ऑर्डर द्यायची का विटा टाकायच्या? मालक कोण, त्यांनी एकदा सांगा, म्हणजे नंतर वाद नको."

मी तोंड उघडायच्या आत लीला म्हणाली, "मालक मी. विटा टाका."

मी म्हणालो, "अगं, कस्तुराबाई अकराजण येणार आहेत."

"येऊ द्या की. कृष्णराजभावजींकडं सगळं आहे. पूजा तिथंच होते, पंगत तिथंच होईल. मी जाऊन पुरण शिजवीन." मग तिनं गवंड्याला अंगणात थांबायला सांगितलं आणि माझ्याकडं वळली. "अहो, लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली. दर नवरात्रात मी भांड्यांच्या शेजारी अंथरूण टाकते. लुगडं बदलायचं तर मोरीत. जाईच्या वेळी सातवा महिना होता तेव्हासुद्धा. ताप आला तरी खोलीचं दार उघडंच, कारण आत कुणाच्या तरी पिशव्या. मला माणसं नको असं न्हाय हो. माणसांचं करत आले, पुढंबी करीन. पण मला एक खोली पायजे. मी दार लावलं की ते लावलेलं राहील अशी."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचले, कुणाचा अर्ज कशासाठी आहे ते पहिल्या ओळीत ओळखायचो. हा अर्ज घरातच होता आणि मी तो कधी हातात घेतला नाही. फार वाईट वाटलं. तेवढ्यात गवंडी बाहेरून ओरडला, "काका, काय ठरलं?"

मी म्हणालो, "मालकीण म्हणतात तसं." कागद तिच्या बाजूचा आहेच. पण कागद नसता तरी मी तेच म्हणालो असतो, असं आता वाटतं. तेव्हा म्हणालो असतो का, ते मात्र देवीला माहीत.

४ मार्च, मंगळवार

कस्तुराबाईंना फोन करायचा होता. सकाळपासून तीनदा नंबर लावला आणि कापला. दिलेला शब्द परत घ्यायचा म्हणजे आमच्या घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न. शेवटी लावला. सगळं सांगितलं. स्लॅबचं कारण पुढं करणार होतो, पण का कोण जाणे, खरंच सांगून टाकलं की लीलाला स्वतःची खोली हवी आहे.

मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "लीलाबाईनं भिंत घातली व्हय? बरं केलं तिनं." आणि फोन ठेवून दिला. रागावल्या की काय, कळलं नाही.

१६ मार्च, रविवार

भिंत पूर्ण झाली. आरोही बघून गेली. स्लॅबखाली शेवटचा थर घट्ट ठासून भरायला लावला, नाहीतर म्हणे भिंत नुसती उभी राहते, भार घेत नाही. गच्चीचा उतार नीट झाला, लोणा लागलेलं प्लास्टर काढून नवं केलं, अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गेली.

खोलीचा रंग लीलानं निवडला. फिका आंब्यासारखा पिवळा. एकटीच दुकानात जाऊन आली.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, गृहप्रवेश केला. शंतनू आणि जाई दोघंही आले होते. जाईनं आईची खोली पाहिली आणि गळ्यात पडून रडायलाच लागली. मुली हळव्या असतात.

खोलीत एक खाट, एक कपाट, खिडकीत तिची पोथी. दुपारी जेवण झाल्यावर ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तासभर आत काय करत होती म्हणून मी विचारलं. म्हणाली, "काही न्हाय." चेहरा इतका तजेलदार होता की मी पुढं विचारलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

काल पुनव झाली. कस्तुराबाई आणि त्यांची माणसं कृष्णराजकडं उतरली. लीला दोन दिवस तिथं जाऊन पुरणाचं बघत होती, संध्याकाळी मात्र घरी येऊन आपल्या खाटेवर झोपली. आज ती सकाळीच म्हणाली, "कस्तुराबाईंना एकट्यांना जेवायला बोलावलंय. आपल्याकडं. पाहुण्या म्हणून."

मला धाकधूक. फोनवर काय मनात होतं कुणास ठाऊक. पण त्या आल्या त्या हसतच. चप्पल काढल्या काढल्या विचारलं, "कुठंय ती खोली?"

लीलानं नेऊन दाखवली. कस्तुराबाईंनी नव्या भिंतीवर हात फिरवला, खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "चाळीस एकराची मालकीण हाय म्या. पर घरात अशी एक खोली न्हाय बग माझी. नातवंडांचं दप्तर, सुनेचं शिलाई मशीन, ज्वारीचं पोतं, समदं माझ्याच खाटंखाली."

लीलानं साधाच स्वयंपाक केला होता. भाजक्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, भाकरी, वांगं, भात. दोन ताटं घेतली आणि मला म्हणाली, "आज मी त्यांच्याबरोबर बसते. तुम्ही वाढा."

मी वाढलं. जमलं नाही फारसं. भाकरी न्यायला गेलो तर आमटी हवी असायची, आमटी न्यावी तर पाणी संपलेलं. दोघी हसत होत्या. लीलाला जेवताना बोलताना मी नीट असं आजच पाहिलं. पटापटा, हातवारे करत, घास हातातच राहतो तिचा. मधेच मीठ लागलं तर उठायला गेली आणि कस्तुराबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं.

जेवून दोघी खोलीत गेल्या. लीलानं दार लावलं. आत काहीतरी बोलणं चाललं होतं, मग कस्तुराबाईंच्या घोरण्याचा आवाज, मग शांत.

मी ताटं उचलली, ओटा पुसला आणि मग माझं पान वाढून घेतलं. भाकरी एकच उरली होती, कडेला कडक झालेली. वांगं संपलं होतं. आमटी गार. गॅस पेटवून गरम करायला उठावं, असं वाटलं, पण इतका वेळ उभं राहून पाय भरून आले होते, तशीच भातावर ओतली आणि स्वयंपाकघरात खाली बसून खाल्ली. खाता खाता लक्षात आलं की लीला तेहतीस वर्षं असंच जेवत आली आहे, आणि जेवली का म्हणून मी तिला एकदाही विचारलेलं नाही.